रुआहाला जायचं तर नदीकाठी बसायला जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ताडोबा, नागझिरा, कान्हा पाहून झालं आहे. मसाई मारालाही ग्रुपबरोबर जाऊन आलात, पण तिथे एका चित्त्याभोवती वीस-पंचवीस गाड्यांचा गराडा बघून मन उडालं. आता टांझानियातलं रुआहा मनात आहे. बरोबर पत्नी, ११ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या आई. सुट्टी मे महिन्यात किंवा दिवाळीत, दहा दिवसांची. जीप भाड्याने घेऊन स्वतः चालवावी का, किती रात्री राहावं, आणि एवढं लांब जाऊन, एवढ्या अवाढव्य जंगलात काही दिसलंच नाही तर?

शेवटच्या शंकेला आधी हात घालते, कारण तिचं उत्तर नीट कळलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. मी २००९पासून छोटे गट घेऊन पूर्व आफ्रिकेत जाते आणि रुआहात आजवर चौदा वेळा राहिले आहे.

रुआहा राष्ट्रीय उद्यान सुमारे वीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर. तो १७ हजारांच्या घरात. ताडोबाचा कोअर ६२५ चौरस किलोमीटर, म्हणजे असे बत्तीस कोअर रुआहात मावतील. १९६४ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, २००८मध्ये दक्षिणेकडचा उसांगूचा भाग त्याला जोडला गेला आणि २०१९मध्ये न्येरेरे उद्यान होईपर्यंत टांझानियातलं हेच सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान होतं. आकडे ऐकून तुमच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण ऑक्टोबरमध्ये हे जंगल प्रत्यक्षात एवढं मोठं राहतच नाही. एप्रिलनंतर पाऊस थांबतो, जूनपासून माळावरची डबकी एकेक करून आटतात आणि पाण्यावर जगणारा प्रत्येक जीव ग्रेट रुआहा नदी आणि तिला मिळणाऱ्या म्वागुसी, म्डोन्या अशा वाळूच्या नद्यांकडे सरकतो. वीस हजार चौरस किलोमीटरचं जंगल मग नदीपात्रांच्या दोन-चार पट्ट्यांत गोळा होतं. त्यामुळे तुमचं काम जंगल पालथं घालण्याचं नाही. योग्य पट्ट्यावर योग्य वेळी बसायचं, एवढंच.

'वाळूची नदी' म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वर कोरडी वाळू, खाली पाणी. आपल्याकडे बायका उन्हाळ्यात पात्रात झिरा खोदतात आणि वाटीने पाणी हंड्यात भरतात. म्वागुसीत हेच काम हत्ती करतात.

एका ऑक्टोबरमधली सकाळ सांगते. साडेनऊला आम्ही म्वागुसीच्या काठावर एका चिंचेच्या सावलीत गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. (हो, चिंचच. तिथे ती जागोजागी आहे.) वीस मिनिटांनी एक हत्तीण पात्रात उतरली, मागे वर्षभराचं पिल्लू. तिने एका जागी सोंडेचं टोक वाळूवर टेकवलं, पुढे गेली, पुन्हा टेकवलं. चौथ्या ठिकाणी थांबली. मग पुढच्या पायाने वाळू मागे ओढायला लागली, आपण खुरप्याने ओढतो तशी. खड्डा गुडघाभर झाल्यावर सोंडेने ओली वाळू उचलून बाजूला टाकू लागली. पाणी लागलं ते तिने प्यायलं नाही. गढूळ पाणी सोंडेत ओढून बाहेर फेकलं, पुन्हा ओढलं, पुन्हा फेकलं, आणि मग नुसती उभी राहिली. झिऱ्यात निवळ पाणी पाझरेपर्यंत ती किमान पाच मिनिटं थांबली असेल. तेवढा वेळ पिल्लाची चाललेली धडपड बघायला पाहिजे होती. त्याची सोंड पाण्यापर्यंत पोचेना. शेवटी ते पोटावर आडवं झालं आणि डोळ्यांपर्यंत तोंड खड्ड्यात खुपसलं. आई अर्धं पाऊल मागे सरकली. आमच्या गाडीत सहा माणसं होती आणि पाणी ओढल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

हत्ती गेल्यावर त्याच झिऱ्यावर बबून आले. मग इम्पाला, मग लव्हबर्डचा एक हिरवा-पिवळा थवा. आणि अकराच्या सुमाराला आमचा गाइड हळूच म्हणाला, समोरच्या काठाखाली बघा, मुळांच्या सावलीत. तिथे एक सिंहीण होती. आम्ही आलो त्याच्या आधीपासून ती तिथेच पडून होती. दीड तास आमच्यापासून पन्नास पावलांवर सिंहीण होती आणि कुणालाही पत्ता नव्हता. त्या दीड तासात आमच्या शेजारून एक गाडी थांबून गेली, त्यातल्या माणसांनी हत्तीचे दोन फोटो काढले आणि निघून गेली. त्यांनी संध्याकाळी कॅम्पवर नक्की सांगितलं असणार की आज फारसं काही दिसलं नाही.

म्हणून काय दिसेल याची काळजी करू नका, किती वेळ बसणार आहात ते ठरवा. आपल्या सफारीची सवय वेगळी आहे. ताडोबात सकाळची पाळी, दुपारची पाळी, प्राण्यांचा इशाऱ्याचा कॉल आला की पळा, वाघ दिसला की सुटलो. रुआहात वेळेची ती ओढाताण नाही आणि गाड्या इतक्या कमी असतात की बातमी द्यायलाही कुणी नसतं. इथे थांबेल त्यालाच दिसतं. उद्यानात रस्ता सोडून गाडी घालायला बंदी आहे, त्यामुळे दूरच्या सिंहाकडे थेट जाता येत नाही. नदीकाठच्या रस्त्यावर थांबलं की मात्र तहान त्यांनाच तुमच्याकडे घेऊन येते.

आता महिन्याचं. मे नको. आपल्या शाळांची ती सुट्टी आणि रुआहाचा हंगाम यांचा मेळ बसत नाही. तिथला पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल; मे महिन्यात गवत पुरुषभर उंच, पाणी सगळीकडे, प्राणी विखुरलेले आणि काळ्या मातीचे रस्ते अजून ओले. काही कॅम्प तर तेव्हा बंदच असतात. दिवाळीची सुट्टी त्या मानाने देणगी आहे. ऑक्टोबर संपत आलेला किंवा नोव्हेंबरची सुरुवात, नदी सर्वांत खाली, पाणघोडे उरलेल्या डोहांत एकमेकांना खेटून, मगरी काठावर. ऊन कडक असतं, दुपारी पारा चाळिशीला टेकतो. विदर्भात मे काढलेल्या माणसाला त्याचं नवल नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पहिल्या सरी येऊ शकतात आणि एका चांगल्या पावसात प्राणी पुन्हा रानोमाळ होतात, म्हणून दिवाळी उशिरा असेल त्या वर्षी सुट्टीचे दिवस अलीकडे ओढा. आणखी एक गोष्ट: दिवाळी म्हणजे अमावास्या. आसपास दूरवर शहराचा दिवा नाही, चंद्र नाही, आणि तुम्ही विषुववृत्ताच्या सात-आठ अंश दक्षिणेला. मुलाला त्या रात्री तंबूबाहेर शेकोटीपाशी पंधरा मिनिटं काहीही न बोलता बसवा.

ही नदी अशी आटते, तिच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण हे सौंदर्य आहे तसंच दुखणंही आहे. म्वागुसीसारख्या छोट्या नद्या पूर्वीपासून उन्हाळ्यात कोरड्याच. ग्रेट रुआहा मात्र बारमाही होती. १९९३पासून ती दरवर्षी उन्हाळ्यात काही आठवडे, कधी काही महिने, वाहायची थांबते. उगमाकडे उसांगूचं सपाट मैदान आहे, तिथे इहेफू नावाची दलदल. दलदलीच्या तोंडाशी खडकाचा एक नैसर्गिक उंबरठा आहे. पाण्याची पातळी उंबरठ्याच्या वर असेल तरच पाणी नदीत उतरतं; एक वीतभर खाली गेली की खालची नदी बंद. उसांगूत भातशेती वाढली, पाटांनी पाणी वळवलं जाऊ लागलं, दलदलीत गुरं वाढली आणि पातळी उंबरठ्याखाली जाऊ लागली. पाऊस कमी झाला म्हणून हे झालं असं नाही. वरच्या अंगाला पाणी उचललं गेलं म्हणून झालं. याच नदीचं पाणी पुढे मटेरा आणि किडाटू धरणांत जाऊन वीज होतं, त्यामुळे १९९०च्या दशकात दिवे जायला लागले तेव्हा शहरांनाही या उंबरठ्याची दखल घ्यावी लागली.

मी मूळची करमाळा तालुक्यातली. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेत असणं म्हणजे काय, ते घरात ऐकत वाढले. वरच्यांचं पाणी ठरलेलं आणि खालच्यांचं उरलेलं. रुआहातले हत्ती, पाणघोडे, म्हशी हे सगळे टेलचे आहेत. वरच्या भात पिकवणाऱ्या माणसांवर मला राग धरता येत नाही. एकर-दोन एकरवाली माणसं आहेत ती, आणि उसांगू उद्यानात घेताना तिथल्या गुराख्यांना उठवलं गेलं, त्यांचेही हाल झाले. पण आटलेल्या डोहात चिखलाने माखलेले ऐंशी पाणघोडे पाठीला पाठ लावून उभे बघाल तेव्हा हे 'निसर्गाचं चक्र' म्हणून फोटो काढून पुढे जाऊ नका. मुलाला उंबरठ्याची गोष्ट सांगा. अकरा वर्षांच्या मुलाला ती लगेच कळते, हा माझा अनुभव आहे.

किती रात्री? पाच. चारपेक्षा कमी असतील तर जाऊच नका, तेवढ्या पैशात ताडोबाला दोन वर्षं जाता येईल. या पाचही रात्री रुआहाच्या आतच हव्यात. तीन उद्यानं दहा दिवसांत बसवून देणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या कागदावर जेवढी नावं जास्त तेवढे तुमचे तास धुळीच्या रस्त्यावर. आतमध्ये राहण्याचे तीन प्रकार आहेत: तंबूंचे महागडे कॅम्प, उद्यानाच्या मुख्यालयाजवळ म्सेंबेला नदीकाठची सरकारी बांदा म्हणजे साध्या खोल्या, आणि स्वतःचा तंबू लावायच्या जागा. गेटबाहेर तुंगामालेंगा गावात स्वस्त लॉज आहेत, पण तिथे राहिलात तर पहाट रस्त्यात जाते. रुआहात सूर्योदयानंतरचे दोन तास आणि मावळतीआधीचा दीड तास हेच सोनं आहे, ते वाचवलेल्या पैशांत परत मिळत नाही. बांदा मला मनापासून आवडतात. मुंगूस पायरीवर येतात, समोर नदी, आणि रात्री पाणघोडे चरायला खोल्यांच्या आजूबाजूला फिरतात. पण आईंबरोबर पहिल्यांदा जाताय, तेव्हा जेवणाखाण्याची सोय असलेला, नदीकाठचा मधल्या दराचा कॅम्प घ्या. बुक करताना एकच प्रश्न विचारा: तंबूतून नदीपात्र दिसतं का? दिसत असेल तर दुपारच्या उन्हात आई तंबूच्या ओट्यावर बसूनच निम्मी सफारी करतील.

स्वतः गाडी चालवायची का, याचं उत्तर या खेपेला नाही असंच आहे. टांझानियात आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, तेवढी एकच गोष्ट सोपी. २०११मध्ये मी चौघांना घेऊन एका एजंटाने दिलेल्या जुन्या गाडीतून म्डोन्याच्या बाजूला गेले होते. स्टेपनी एकच होती, मी निघताना मोजली नाही. पहिलं पंक्चर एक वाजता, दुसरं दोनच्या सुमाराला. फोनला रेंज नाही, गाडीत वायरलेस नाही. उतरून चालत जाणं म्हणजे मरण, आणि बसून राहिलो तर चोहोबाजूंनी त्सेत्से माश्या. सव्वासहाला कॅम्पची गाडी आम्हाला शोधत आली, ती केवळ सकाळी निघताना मी कोणत्या रस्त्याने जाणार ते वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून. तेव्हापासून स्टेपनी दोन आहेत का, वायरलेस चालू आहे का आणि वीस लिटर पाणी भरलं आहे का, हे मी स्वतः हात लावून बघते. ड्रायव्हर कितीही ओळखीचा असो, तुम्हीही बघा. आणि गाडी बंद पडली तर गाडीतच बसायचं, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

मी तुमच्यासाठी असा प्रवास आखेन: दार-एस-सलामला एक रात्र. तिथून ड्रायव्हरसह गाडीने मिकुमी, रात्र तिथेच. महामार्ग मिकुमी उद्यानाच्या मधूनच जातो, गाडीतूनच जिराफ आणि हत्ती दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी गोरखचिंचांच्या दरीतून आणि किटोंगाच्या घाटातून इरिंगाला. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंचच. समुद्रमार्गाने शेकडो वर्षांपूर्वी ती आपल्या किनाऱ्याला आली आणि वसई-मुंबईकडे तिची जुनी झाडं अजून उभी आहेत. पण तिथे चार-दोन झाडं असतात. इथे डोंगरच्या डोंगर भरलेले. रुआहात या झाडांच्या खोडांवर हत्तीच्या सोंडेच्या उंचीपर्यंत साल सोललेली दिसेल. उन्हाळ्यात त्या धाग्यांत ओल असते, म्हणून ते खातात. इरिंगा थंड हवेचं डोंगरातलं गाव, सोळाशे मीटरच्या आसपास. तिथून गेट शंभर किलोमीटरच्या वर आहे. मी जायचे तेव्हा हा रस्ता कच्चा, खडबडीत होता, म्हणून आईंसाठी कमरेचा पट्टा आणि एक उशी ठेवा. येताना मात्र म्सेंबेच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने थेट दार-एस-सलाम गाठा. ही बारा-तेरा सीटची विमानं असतात, सामान माणशी १५ किलो आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग मुळातच आणू नका.

आईंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तेही सांगते, कारण घरातल्या बायका हे विचारायला संकोचतात. गाडीला पायरी उंच असते, कॅम्पला छोटा स्टूल ठेवायला आधीच कळवा. रानात स्वच्छतागृह नसतं. गाइड गाडीभोवती बघून घेतो आणि गाडीच्या आडोशालाच बसायचं असतं, दूर झुडपामागे नाही. म्हणून आईंना साडीपेक्षा सैल पँट आणि लांब कुर्ता सोयीचा. या भीतीने बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि चाळीस अंशांत आजारी पडतात, हे मी तीनदा पाहिलं आहे. पहिल्या दिवशीच हा विषय मोकळा करा. रात्री तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही. कॅम्पला कुंपण नसतं, जेवायला नेण्या-आणण्यासाठी पहारेकरी टॉर्च घेऊन येतो. लाडू, चिवडा, फळं तंबूत ठेवायची नाहीत, कॅम्पच्या कोठीत द्यायची. फळांच्या वासाने हत्ती येतो आणि तंबूची चेन त्याला अडवत नाही. मुलाला चालत सफारीला घेणार नाहीत, बहुतेक ठिकाणी वयाची अट असते. तुम्ही दोघे मात्र एक सकाळ बंदूकधारी रेंजरबरोबर जरूर चाला. राखेची पुरचुंडी झटकून वारा कुठून येतोय ते बघत माणूस रानात कसा चालतो, ते गाडीत बसून कधीच कळत नाही.

कपडे: जीन्स आणू नका. त्सेत्से माशीला निळा आणि काळा रंग ओढतो. तिला पकडायचे सापळेच त्या रंगांच्या कापडाचे असतात. खाकी, मातकट, फिका हिरवा चालेल, लष्करी छापाचा नको. माशी पातळ कापडातून चावते आणि चालत्या गाडीचा पाठलाग करते. नदीकाठी तिचा त्रास कमी, झाडीत शिरलं की जास्त. काही गाइड हत्तीचं वाळलं शेण डब्यात पेटवून त्याचा धूर गाडीमागे ठेवतात. माझ्या अनुभवात बाजारातल्या मलमांपेक्षा तो जास्त कामाचा.

कागदपत्रांत एका गोष्टीवर लोक अडकतात. ई-व्हिसा सोपा आहे, ५० डॉलर, तीन आठवडे आधी भरा. पण विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर यलो फीवरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घेतलेली हवी, आणि पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर. परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या वरच्या माणसाला ही लस द्यायची की नाही हे डॉक्टर तपासून ठरवतात, म्हणून आईंचं तिकीट काढायच्या आधी त्यांचा सल्ला घ्या, नंतर नाही. शक्य असेल तर थेट विमान बघा. मलेरियाच्या गोळ्या चौघांनीही घ्यायच्या, कोरडा ऋतू असला तरी. परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना 'आफ्रिकेतून आलोय' हे पहिल्या वाक्यात सांगा आणि रक्त तपासा. विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला असावा. जवळचं मोठं रुग्णालय इरिंगालाच. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात १ जून २०१९पासून बंदी आहे, त्यामुळे चटण्या-मसाले कापडी थैल्यांत आणि डब्यांत भरा. उद्यानाचं शुल्क गेली काही वर्षं परदेशी प्रौढाला २४ तासांचे ३० डॉलर आणि वर १८ टक्के कर असं आहे; निघताना ताजा दर बघून घ्या.

अपेक्षेबद्दल एक स्पष्ट सांगते. रुआहात गेंडा नाही, चोरट्या शिकारीने तो संपला. स्थलांतर करणारे लाखोंचे कळपही नाहीत. चित्ता आहे पण नशिबाचा भाग. हत्तींवरही मोठा घाव बसला आहे: २००९ ते २०१४ या पाच वर्षांत टांझानियातले हत्ती सुमारे १,०९,००० वरून ४३,००० वर आले, आणि रुआहा त्या कत्तलीच्या ऐन मध्यावर होतं. म्हणून इथल्या हत्तींना अंतर द्या. सुळे नसलेल्या माद्या बऱ्याच दिसतील. सुळेवाल्या मारल्या गेल्या आणि या उरल्या. एखादी वयस्क मादी कान फाकवून उभी राहिली तर गाइडला 'अजून जवळ घ्या' म्हणू नका. तिने काय पाहिलं आहे ते आपल्याला माहीत नाही.

आणि जे आहे ते भरभरून आहे. जगातल्या सिंहांचा सुमारे दहावा हिस्सा रुआहा आणि त्याच्या आसपासच्या मुलखात असावा असं अभ्यासक मानतात. इथले कळप मोठे आणि म्हशींवर तुटून पडणारे. कुडू या पट्टेदार हरणाच्या दोन्ही जाती, थोरला आणि धाकटा, एकाच उद्यानात दिसतात. नशीब असेल तर आफ्रिकी रानकुत्रे. पक्ष्यांच्या ५७०च्या वर जाती, त्यात रुआहाचं नाव लागलेला लाल चोचीचा धनेश, जो गाडीच्या आरशात स्वतःलाच चोची मारत बसतो. मुलाला पक्ष्यांची वही करायला द्या. पूर्वेकडची काटेरी झुडपांची रानं आणि दक्षिणेकडचं मिओम्बो नावाचं पानगळीचं जंगल इथे एकमेकांना भेटतात, म्हणून ही सरमिसळ.

शेवटचं, कॅमेऱ्याचं. जड स्टँड आणू नका, गाडीत तो लावता येत नाही. घरून चेन लावलेली रिकामी कापडी पिशवी शिवून आणा, उशीच्या अभ्र्याच्या निम्म्या आकाराची. इरिंगाला पोचलात की बाजारात जाऊन तीन किलो तांदूळ त्यात भरून घ्या, खिडकीच्या कडेवर ठेवली की लेन्स हलत नाही. बाजारात आईंना बरोबर न्या. दुकानाला तिथे 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', आणि चपाती ती चपातीच. मचिचा नावाची पालेभाजी हातात घेतली की आई म्हणतील, हा तर माठ. तांदूळ घेताना विचारा कुठला आहे. बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: उसांगू. पाच दिवस तुम्ही ज्या नदीकाठी बसणार आहात तिचंच पाणी त्या पिशवीत असेल. निघायच्या दिवशी पिशवी रिकामी करून तो तांदूळ कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या. मी दर वेळी देते, आणि आचारी त्यातला मूठभर हातावर घेऊन आधी वास घेतो.